घरचा कारखाना : भुई आणि भट्टी

कारखाना हा शब्द फारशींतून मराठींत आला आणि दीर्घ काळ तो दरबारी शब्द म्हणूनच नांदला. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेंत अठरा कारखाने आणि बारा महाल होते, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. पुढें यंत्रयुग आलें, आणि कारखाना म्हणजे धुराडें, भोंगा आणि शेंकडों मजूर असा त्या शब्दाचा अर्थ रूढ झाला. परंतु या दोहोंच्या मध्यें एक तिसरा कारखाना शतकानुशतकें चालत आला होता. त्याची नोंद दप्तरांत क्वचितच सांपडते. तो घराच्या ओसरीवर, परड्यांत किंवा वेशीजवळच्या छपरांत असे, आणि गांवाचा नांगर, गाडी, खुरपें, दाराची कडी, लग्नाचे दागिने हीं सारीं तेथूनच बाहेर पडत.

अलीकडे शहरांतील कांहीं हौशी गृहस्थ मोटार ठेवण्याच्या गॅरेजमध्यें सुतारकामाचा किंवा लोखंडकामाचा छोटा कारखाना थाटूं लागले आहेत. त्यांच्यापुढें पहिले दोन प्रश्न उभे राहतात ते असे : खालची जमीन कशाची करावी, आणि विस्तव कोठें व कसा ठेवावा? यंत्रें आणि हत्यारें पुढें केव्हांही घेतां येतात. परंतु जमीन एकदां चुकली म्हणजे ती उखडावी लागते, आणि विस्तव चुकला तर घर अथवा जीव धोक्यांत येतो. हे दोन्ही प्रश्न जुने आहेत, आणि मराठवाड्यांतील कारागिरांनीं त्यांचीं उत्तरें आपल्या परीनें शोधून ठेवलेलीं आहेत. देवणीचा परिसर त्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

देवणी हें लातूर जिल्ह्यांतील, मांजरेच्या खोऱ्यांतलें, कर्नाटकाच्या सीमेलगतचें गांव. आज तें तालुक्याचें ठिकाण आहे. पूर्वीं तें उदगीर तालुक्यांत मोडत असे, आणि उदगीर हा निजामी अमलांत बिदर जिल्ह्याचा तालुका होता. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें. १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदरपासून निघून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. आणि १९८२ सालीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळें देवणीकडील कारागिरीचा विचार करतांना उदगीर आणि बिदर यांस वगळून चालत नाहीं.

देवणीचें नांव दूरवर गेलें तें मात्र राज्यकारभारामुळें नव्हे, बैलामुळें. देवणी जातीच्या गुरांत तीन प्रकार ओळखले जातात : संपूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडावर काळसर झांक असलेला वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवरा. दूध आणि ओढ हे दोन्ही गुण या जातींत आहेत. आतां बैल कितीही जातिवंत असला तरी नांगराला फाळ आणि गाडीला चाक असल्यावांचून त्याचें बळ वायां जातें. म्हणून जेथें चांगला बैल, तेथें सुतार आणि लोहार यांचें घर असावयाचेंच. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं उदगीरच्या परिसरांत निजामाचा पराभव केला. इतिहास त्या मोहिमेंतील सरदारांचीं नांवें सांगतो. परंतु ओझ्याचे बैल, गाड्यांचीं चाकें आणि तीं दुरुस्त करणारे हात यांच्याशिवाय दक्षिणेंतील कोणतेंही सैन्य चार मुक्काम पुढें सरकलें नसतें.

अशा कारागिराच्या घरीं प्रथम पाहावयाची ती भुई. गांवच्या जमिनीचे आपल्याकडे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. हा भेद केवळ महसुलाचा नाहीं, बांधकामाचाही आहे. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. तिच्या भेगांत हात जातो. अशा मातीवर घातलेली जमीन, मग ती शेणाची असो वा सिमेंटची, लवकरच फुटते. म्हणून जाणता माणूस कामाच्या जागेंतील काळी माती शक्य तेवढी उपसून टाकी, तेथें मुरूम थराथरानें भरी, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो धुम्मसानें चोपी, त्यावर पांढरी माती घालून ती सारखी करी, आणि शेवटीं शेणाचें सारवण होई. हें सारवण आठवड्यास किंवा सणावारीं नव्यानें करावें लागे. कारखाना पुरुषाच्या नांवानें ओळखला जाई; पण त्याची जमीन धरून ठेवणारा हात घरांतील स्त्रीचा असे. या श्रमाची मजुरी कोणीं स्वतंत्रपणें दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

एकाच प्रकारची भुई सर्व कामांस चालत नाहीं, हें या कारागिरांस पक्कें ठाऊक होतें. सुताराला मऊ भुई मानवते. वाकस, पटाशी किंवा किंकरें हातांतून निसटून दगडी फरशीवर पडलें तर त्याची धार तत्काळ मोडते, आणि धार पुन्हां लावण्यांत अर्धा दिवस जातो. सारवलेल्या मातीवर तेंच हत्यार पडलें तर सहसा कांहीं बिघडत नाहीं. शिवाय सुतार बहुधा खालीं बसून, पायानें लाकूड दाबून काम करतो; त्याला उबदार आणि कोरडी भुई हवी. पाणी मात्र त्याच्या जागेंत येतां कामा नये, कारण ओलाव्यानें लाकूड फुगतें आणि वाळतांना पिळवटतें.

लोहाराची गोष्ट निराळी. त्याच्या ऐरणीभोंवतीं उघडी माती असते, आणि ती आळसानें राहिलेली नसते. लालभडक लोखंडाचा तुकडा शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर पडला तर त्यांतील दडलेल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि दगडाचे कपचे उडतात. ते डोळ्यांत गेले तर दृष्टि जाण्याचा संभव. माती मात्र तो तुकडा निमूटपणें पोटांत घेते. ऐरण बसविण्यासाठीं लाकडाचा जाड ओंडका जमिनींत खोल पुरतात, कारण घणाचा घाव भुईनें झेलला पाहिजे. ऐरण उड्या मारूं लागली तर निम्मी मेहनत फुकट जाते. जवळच पाण्याची दगडी डोण असते.

सोनाराची भुई या दोघांहून भिन्न. ती घट्ट, गुळगुळीत आणि बिनभेगेची असावी लागते, कारण कानशीखालून उडणारा कण हा सोन्याचा असतो. सोनाराच्या दुकानांतील केर कोणी उकिरड्यावर टाकीत नाहीं. तो विकत घेऊन, धुऊन, त्यांतील सोनें-चांदी वेगळी काढणाऱ्या लोकांचा एक धंदाच होता. त्यांना झारेकरी म्हणत. जमिनीच्या एका भेगेवर एका कुटुंबाचा नफा-तोटा अवलंबून असावा, हें या धंद्यावरून सहज ध्यानांत येईल.

भुईनंतर अग्नि. मराठवाड्यांत हिवाळ्याच्या पहाटे कडाक्याची थंडी पडते खरी, परंतु ती थोडे दिवस. उलट उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्यामुळें येथील कारखान्यांत विस्तव माणसाला ऊब देण्यासाठीं क्वचितच लागे. तो धातूसाठीं लागे. उरलेला प्रश्न असे तो त्या विस्तवाची धग माणसाला सोसवेल कशी याचा. म्हणून लोहाराचें छप्पर बाजूंनीं मोकळें, आणि पुष्कळदां लिंबाच्या सावलींत असे. तरीही भट्टीपाशीं तो मुद्दाम थोडा अंधार ठेवी. कारण तापलेल्या लोखंडाचा रंग हेंच त्याचें उष्णतामापक यंत्र होतें, आणि भर उन्हांत तो रंग दिसत नाहीं. डाळिंबी लाल झालेलें पोलाद पाण्यांत बुडविलें म्हणजे तें कठीण होतें, परंतु कांचेसारखें ठिसूळही होतें. मग तें पुन्हां हलकें तापवितात. सुमारें २३० अंश शतमानावर घांसलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढतो, तीनशेंच्या आसपास निळा. जितकें पुढें जावें तितका कठीणपणा कमी आणि चिवटपणा अधिक. पटाशीला कोठें थांबावें आणि कुऱ्हाडीला कोठें, हें ज्याच्या डोळ्याला कळलें त्याच्या हाताला ‘पाणी’ आहे असें लोक म्हणत.

भाता ओढणारी व्यक्ति बहुधा घरचीच असे, बायको किंवा मुलगा. घिसाडी लोकांमध्यें तर स्त्रिया घणही घालतात. घिसाड्यांचा कारखाना हा सर्वांत कमी सामानाचा : गांवाबाहेर मुक्काम पडला कीं जमिनींत खळगा खणून त्यांत कोळसा भरावयाचा, भाता लावावयाचा, ऐरण रोवावयाची; काम संपलें कीं सारें गाडींत घालून पुढच्या गांवीं जावयाचें. फरशी नाहीं, छप्पर नाहीं; केवळ अग्नि, वारा आणि अंगमेहनत. कारखान्यास कमींत कमी काय लागतें, याचा हा जिवंत दाखला आहे.

अग्नीचा सर्वांत मोठा सोहळा गाडीच्या चाकाला धाव बसवितांना होई, आणि त्यांत सुतार व लोहार या दोघांचीही परीक्षा असे. सुतारानें मधला तुंबा, आरे आणि परिघाचे लाकडी पुठ्ठे जुळवून चाक उभें केलें म्हणजे लोहार त्याच्याभोंवतीं लोखंडी धाव घडवी. ही धाव मुद्दामच चाकाहून किंचित् लहान ठेवीत. मग ती उघड्या जागेंत आडवी ठेवून तिच्याभोंवतीं गोवऱ्या रचून पेटवीत. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा परिघ सुमारें चौदा फूट, म्हणजे एकशें सत्तर इंच. लोखंड सहाशें अंशांनीं तापलें तर तें एवढ्या लांबींत सुमारें सव्वा इंच वाढतें. तेवढ्या अवधींत धाव सांडशांनीं उचलून चाकावर घालावयाची, ठोकून बसवावयाची, आणि लाकूड जळूं लागण्यापूर्वीं चोहोंकडून पाणी ओतावयाचें. लोखंड आकसतें, आरे तुंब्यांत घट्ट रुततात, आणि सारें चाक कडकडून एकजीव होतें. धाव फार लहान झाली तर आरे वाकत, मोठी झाली तर उन्हाळ्यांत निखळून पडे. पुस्तकी गणित न शिकलेल्या माणसांनीं हा हिशेब पिढ्यान् पिढ्या अचूक सांभाळला.

धातुकामाची याहून नाजूक परंपरा जवळच बिदरला होती आणि ती आजही चालू आहे. बहामनी सुलतानांची राजधानी पंधराव्या शतकांत गुलबर्ग्याहून बिदरला आली, आणि पुढें या शहराच्या नांवानें ‘बिदरी’ काम प्रसिद्धीस आलें. जस्ताचे सुमारें सोळा भाग आणि तांब्याचा एक भाग अशा मिश्रणाचें भांडें वाळूच्या सांच्यांत ओततात. तें घांसून, मोरचुदाच्या पाण्यानें तात्पुरतें काळें करून त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खांचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकतात. शेवटीं भांडें हलकें तापवून त्यावर नवसागर आणि बिदरच्या जुन्या किल्ल्यांतील माती यांचा लेप चोळतात. जस्ताचा भाग कायमचा काळा होतो आणि चांदी मात्र शुभ्र राहते. हें काम लहान घरांत चालूं शकलें याचें एक कारण धातूच्या गुणांत आहे. तांबें वितळण्यास १०८५ अंश उष्णता लागते. जस्त ४१९ अंशांवरच वितळतें. त्यामुळें घरगुती भट्टी पुरते. मात्र जस्त फार तापलें कीं पांढरा धूर निघतो आणि तो छातीस अपाय करतो. म्हणून ओतकामाची जागा हवेशीर ठेवणें भाग असतें. २०२३ सालीं बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां घरगुती कारखान्यांच्या या परंपरेचा देशानें सन्मान केला असेंच म्हटलें पाहिजे.

या जुन्या व्यवस्थेचें वर्णन करतांना तिची काळी बाजू झांकून ठेवणें हें इतिहासास सोडून होईल. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. वर्षभर काम करावें आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वांटा घ्यावा, अशी रीत. दुष्काळ पडला कीं बलुतें आटे. काम मात्र टळत नसे. धंदा जन्मानें ठरलेला, घराची जागाही बहुधा जातीनें ठरलेली. लोहाराच्या बुद्धिमान् मुलास भाता सोडून शाळेंत जाण्यास जे अडथळे होते, ते त्याच्या कौशल्याच्या स्तुतीनें दूर झाले नाहींत. म्हणून घरचा कारखाना मोडला याचें दुःख करतांना त्यांतील बंधनही मोडलें याचें समाधान मानावयास हवें. टिकावयास हवें होतें तें ज्ञान. आणि तेंच सर्वांत आधीं गेलें.

तें कसें गेलें हेंही पाहण्यासारखें आहे. पूर्वीं या भागाच्या पूर्वेस, आजच्या निजामाबादजवळील कोनासमुद्रम येथें मातीच्या मुशींत उत्कृष्ट पोलाद तयार होई आणि तें इराणपर्यंत जाई. विलायती लोखंडाच्या पट्ट्या स्वस्त झाल्या आणि त्या भट्ट्या विझल्या. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोंचली, आणि बाहेरचा तयार माल मराठवाड्याच्या बाजारांत अधिक सहज येऊं लागला. त्याच सुमारास, १९१० सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर किर्लोस्करवाडीचा पाया घातला. त्यांचाही आरंभ बेळगांवांतील एका सायकलच्या दुकानापासून झाला होता; म्हणजे छोट्या कारखान्यांतूनच मोठा कारखाना जन्मास आला. त्यांचा लोखंडी नांगर शेतांत गेला तसतसें लाकडी नांगर घडविणाऱ्या सुताराचें काम कमी झालें. पुढें वीज आली, वेल्डिंगचें यंत्र आलें, रबरी टायर आले. धाव बसविण्याचा सोहळा दुर्मिळ झाला. ट्रॅक्टर आल्यावर बैलच कमी झाले.

शेवटचा घाव भूमीनेंच घातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें झोंपेंतच दगावलीं. येथील जुनीं घरें जाड दगडी भिंतींचीं, पण भिंतींतील दगड मातींत बसविलेले. आंतील आणि बाहेरील थर एकमेकांस सांधणारे आरपार लांब दगड बहुधा नाहींत. आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच माळवद त्या पहाटे कोसळलें. नंतर अनेक गांवें नव्या जागीं, आंखीव रस्त्यांवर, सिमेंटच्या घरांत वसविलीं गेलीं. जीव वांचविण्याच्या दृष्टीनें तें आवश्यक होतें. परंतु आंखलेल्या घरांत गुरांना, गोवऱ्यांना आणि भात्याला पूर्वींसारखी जागा सांपडणें कठीण झालें. ज्यास आज मराठवाड्यांत कामाचें छप्पर उभारावयाचें आहे, त्यानें एवढें तरी लक्षांत ठेवावें कीं डोक्यावरील भार हलका असावा आणि भिंती एकमेकींस नीट बांधलेल्या असाव्यात.

शहरांतील गॅरेजवाल्या गृहस्थास या इतिहासांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. काळ्या मातीवर घर असेल तर काँक्रीटखालचा मुरूम नीट चोपला आहे ना, हें आधीं पाहावें. जमिनीला दाराकडे किंचित् उतार द्यावा. नवें काँक्रीट निदान दोन आठवडे ओलें राखून पिकूं द्यावें, आणि पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर इपॉक्सीचा थर देऊं नये. खालून ओल येत राहिली तर तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. इपॉक्सी तेल शोषूं देत नाहीं आणि पुसण्यास सोपी, परंतु पाणी पडलें कीं निसरडी होते आणि तापलेलें लोखंड तिच्यावर पडलें तर ती जळते. शहाबादी फरशी स्वस्त आणि टिकाऊ, पण तिच्यावर आम्लाचे डाग पडतात. सारी खोली एकाच तऱ्हेची करण्याचा हट्ट सोडावा. सुतारकामाच्या मेजापुढें लाकडी फळ्या किंवा रबरी चटई घालावी. हत्यारांची धार आणि माणसाचे गुडघे दोन्ही वांचतात. तापल्या लोखंडाचें काम करावयाचें तेथें वाळूचा कोरडा थर ठेवावा. जुन्या गांवांतील तीन भुयांचें तत्त्व एका खोलींत आणतां येतें तें असें.

उष्णतेविषयीं मात्र अधिक सावध असावें. युरोप-अमेरिकेंत पारा शून्याखालीं जातो, तेथें गॅरेज तापविल्याशिवाय हिवाळ्यांत काम होत नाहीं. थंडींत सरस आणि रंग नीट वाळत नाहींत. आणि गार लोखंडास एकदम दमट, ऊबदार हवा लागली कीं त्यावर दंव धरून गंज चढतो. म्हणून तेथें भिंतींत ऊब कोंडणारे थर घालतात आणि कोठें कोठें फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या नेतात. महाराष्ट्रांत एवढ्या खटाटोपाची गरज नाहीं. येथें खिडकी आणि पंखा यांचें महत्त्व अधिक. तरीही हिवाळ्याच्या रात्रीं दार लावून कोळशाची शेगडी पेटविण्याचा मोह होतो. तो प्राणघातक आहे. बंद खोलींत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि माणसास गुंगी येते तेव्हां उठून दार उघडण्याची शक्ति उरलेली नसते. तसेंच पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते. मोटार उभी असलेल्या खोलींत खालीं ठेवलेली ज्योत ही घराला लावलेली आगच समजावी.

देवणीकडील लोहाराला या वायूचें नांव ठाऊक नव्हतें. पण त्याची भट्टी मोकळ्या छपरांत होती. सुतारानें फरशीच्या कठीणपणाचें कोष्टक पाहिलें नव्हतें. पण पटाशी कोणत्या भुईवर पडूं द्यावी हें तो जाणत होता. जातीच्या बेडीखेरीज आणि बलुत्याच्या परावलंबनाखेरीज ही जाण आतां कोणासही घेतां येईल. अशा छपरांत अजून भाता चालतो तेथें जाऊन, काम करणाऱ्या वृद्ध कारागिरास विचारून ती उतरून घेण्याचें काम शाळांनीं, महाविद्यालयांनीं आणि सुशिक्षित कुटुंबांनीं लवकर हातीं घेतलें पाहिजे. कारण रंग पाहून पोलादाचें पाणी ओळखणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.